आपला रस्ता आणि आपला कट्टा

स्मरणिकेसाठी "जुन्या मुलुंडवर काहीतरी लिहा, काका" असं सेक्रेटरींनी सांगितलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. आयुष्यभर बँकेत दुसऱ्यांचे हिशेब लिहिले. संस्थेच्या रौप्यमहोत्सवात आपल्या रस्त्याचा हिशेब लिहावा असं वाटलं. त्यात जमा आहे तशी नावेही आहे.

पाहुणे आले की म्हणतात, "तुमचे रस्ते किती सरळ हो!" हे आपोआप झालेलं नाही. १८५३ साली बोरीबंदर-ठाणे ही पहिली गाडी इथूनच धावली, पण पुढे कित्येक वर्षं हे गावच होतं. १९२२ साली क्राऊन आणि कार्टर या वास्तुरचनाकारांनी स्टेशनपासून पाच रस्त्यापर्यंतचा आराखडा केला. सरळ रस्ते, काटकोनात छेदणारे, मध्ये चौकोनी प्लॉट. मुंबईच्या उपनगरांत आधी आराखडा आणि मग वस्ती, असं भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला आलं. फाळणीनंतर मुलुंड कॉलनीत सिंधी बांधव आले. १९५७ साली आपण बृहन्मुंबईत सामील झालो. आग्रा रोडचं नाव पुढे लालबहादूर शास्त्री मार्ग झालं. तिथे कारखाने उभे राहिले आणि त्यांच्यामागोमाग मराठी, कच्छी, गुजराती, दक्षिणी अशी सगळी मंडळी राहायला आली.

मी १९७७ साली या रस्त्यावर भाडेकरू म्हणून आलो. आज आपली इमारत आहे तिथे तेव्हा कौलारू, एकमजली घर होतं. पुढे ओटा, ओट्याला काळ्या दगडाची लांब फरशी. सकाळी शिफ्टचे कामगार सायकलवरून जात. संध्याकाळी सहा-बावीसच्या लोकलची माणसं एकदम रस्त्यात शिरत आणि ओट्यावर बसलेले प्रत्येकाला विचारत, "काय, आज लवकर?" कोणाच्या घरी कोण पाहुणा आला, कोणाची बदली झाली, कोणाच्या मुलीचं जमलं, हे सगळं ओट्यावर कळायचं. आताच्या भाषेत सांगायचं तर तो आमचा व्हॉट्सअॅप ग्रूप होता. फरक एवढाच, की समोरच्याचा चेहरा दिसायचा.

१९९७ साली घर पाडलं. दोन वर्षं आम्ही ठाण्यात भाड्याने काढली. नवी इमारत झाली आणि २००० साली संस्थेची नोंदणी झाली. पहिल्या कमिटीने एक चांगलं काम केलं. ओट्याची ती काळी फरशी टाकून न देता गेटजवळच्या बदामाच्या झाडाखाली दोन विटांच्या खांबांवर बसवली. तोच आपला कट्टा.

पहिल्या मजल्यावरच्या आजी जुन्या घरातल्याच. रोज पाच वाजता त्या कट्ट्यावर हजर. २६ जुलै २००५ ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो सांगायला नको. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. माझी शाखा घाटकोपरला. गाड्या बंद, म्हणून विक्रोळी, कांजूर, भांडुप असं पायी चालत रात्री एक वाजता मी गेटवर पोहोचलो. अंधारात कट्ट्यावर छत्री आणि टॉर्च घेऊन आजी बसल्या होत्या. म्हणाल्या, "तुम्ही आलात. आता तिसऱ्या मजल्यावरची पोर तेवढी यायची राहिली." संध्याकाळपासून त्या इमारतीत कोण परतलं, कोण नाही, याची मोजणी करत होत्या. ती मुलगी पहाटे चारला आली. तेव्हाच त्या वर गेल्या.

आता नावेची बाजू. २०११ साली मी खजिनदार होतो. गाड्या वाढल्या होत्या, रोज भांडणं व्हायची. वार्षिक सभेत ठराव आला : कट्टा काढून तिथे दोन गाड्यांची जागा करावी. एकमताने मंजूर. इतिवृत्तावर माझी सही आहे. त्या दोन जागांपैकी एक माझ्या मुलाच्या नव्या गाडीला मिळाली, हे इतिवृत्तात नाही, म्हणून इथे लिहितो.

दुसऱ्या दिवशी आजींनी जिन्यात मला विचारलं, "साहेब, आम्ही कुठं बसायचं?" मी म्हटलं, "प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवतो." खुर्च्या कधी आल्या नाहीत, आणि मीही आठवण ठेवली नाही. काही महिने आजी जिन्याच्या पायरीवर बसत. येणाऱ्या-जाणाऱ्यांना अडचण होते म्हणून मग खाली येणंच बंद झालं. २०१४ साली त्या गेल्या. तीन वर्षं त्यांनी रस्ता फक्त खिडकीतून पाहिला.

आज मी शहात्तर वर्षांचा आहे. गुडघे बोलतात. संध्याकाळी खाली उतरलो की गेटचा गज धरून उभा राहतो आणि दहा मिनिटांत परत वर जातो. आजींचा प्रश्न मला आता कळला, पण चौदा वर्षं उशिरा.

शंभर वर्षांपूर्वी कागदावर रेघा ओढणाऱ्यांनी आपल्यासाठी मोकळी जागा सोडली, म्हणून आपला रस्ता रुंद आहे. आपण मात्र त्याच्या दोन्ही कडा गाड्यांनी भरल्या. नाक्यापलीकडे मेट्रोचे खांब उभे राहिले, जकात नाका २०१७ साली बंद झाला, उद्या आपल्याही इमारतीच्या पुनर्विकासाची चर्चा होईल. नव्या नकाशात पार्किंगचे मजले असतील, जिम असेल. बसायला जागा असेल का, हे मात्र आपणच विचारायला हवं.

मुलगा पुण्याला गेला, गाडी यंदा मार्चमध्ये विकली. ती जागा मी संस्थेला लेखी परत करत आहे. काळी फरशी पंपरूमच्या मागे अजून आहे, मी बघून आलो. एक कोपरा तुटलाय, बाकी ठणठणीत. येत्या वार्षिक सभेत तो ठराव मीच मांडणार आहे. अनुमोदन कोण देणार, तेवढं कळवा.