अंगणाच्या वाट्याचा पाऊस



अंधेरीचा सबवे पाण्याखाली गेला की आपण सगळ्या महापालिकेला नावे ठेवतो. ठेवायलाच हवीत. पण मी पडले कॉमर्सची. खाते एकाच बाजूने वाचायची मला सवय नाही. म्हणून पावसाळी गटारांचा जुना हिशोब वाचायला घेतला. त्यात आपल्या नावावरही एक बाकी निघाली.

मुंबई शहराची पावसाळी गटारे इंग्रजांच्या काळातली. आपल्या उपनगरांत मुख्यतः उघडे नाले. ती जुनी गटारे तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून आखलेली होती, हे दर पावसाळ्यात वर्तमानपत्रात येते. त्याच आखणीतली दुसरी गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. पडलेल्या पावसापैकी निम्माच गटारात येईल, असे तेव्हा धरले होते. उरलेला निम्मा अंगणात, वाडीत, बागेत मुरायचा. म्हणजे प्रत्येकाच्या जमिनीने आपला वाटा उचलायचा, हे गटाराच्या मापातच गृहीत होते. कुणाला नोटीस काढावी लागत नव्हती. माती ते काम फुकट करत होती.

अंधेरी १९५० साली मुंबई महापालिकेत आली. पुढे बंगल्यांच्या जागी इमारती आल्या, इमारतींबरोबर गाड्या आल्या आणि गाड्यांसाठी आवारात कोबा नाहीतर पेव्हर ब्लॉक बसले. माती झाकली गेली. तिच्या वाट्याचे पाणी फाटकातून रस्त्यावर आले.

१९८५ च्या पुरानंतर महापालिकेने तज्ज्ञांकडून अभ्यास करून घेतला. १९९३ च्या त्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने सांगितले की गटारे तासाला ५० मिलिमीटर पावसासाठी बांधा, आणि पडेल तो सगळाच पाऊस गटारात येईल असे धरा. आमच्या भाषेत सांगायचे तर अंगणाकडची येणी बुडीत खात्यात टाकली! अहवालावरचे काम रेंगाळले. मग २६ जुलै २००५ उजाडला. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला शंभरही नाही. त्यानंतर केंद्राकडून पैसा मंजूर झाला, नाले रुंद होऊ लागले, इर्ल्याला पंपिंग स्टेशन उभे राहिले.

या सगळ्यात मालकाचा वाटा परत वहीत आला तो पर्जन्यजलसंधारणाच्या नियमाने. २००२ मध्ये १००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या प्लॉटवरच्या नव्या इमारतींना ते सक्तीचे झाले. २००७ मध्ये ही मर्यादा ३०० वर आली. २०१८ पासून लागू झालेल्या विकास नियमावलीत ती ५०० आहे. नियम आला पाणीटंचाईच्या काळजीने, पण पाणी जमिनीत मुरले की रस्त्यावरचा भारही हलका होतो. हिशोब सोपा आहे. १००० चौरस मीटर जागेवर २५ मिलिमीटर पाऊस पडला की २५,००० लिटर पाणी होते, म्हणजे दहा हजार लिटरचे अडीच टँकर. खड्डा गाळाने भरलेला असेल तर हे सगळे शेजारच्या तळमजल्याच्या दिशेने निघते. तिथेही आपल्यासारखीच कुणीतरी उंबऱ्याशी गोणपाट लावून बसलेली असते.

खड्डा एकदा खणून काम संपत नाही. तो कायम चालू स्थितीत ठेवणे ही मालकाची किंवा सोसायटीची जबाबदारी आहे, असे नियमावलीच सांगते. कसूर झाल्यास दर १०० चौरस मीटर बांधकामामागे वर्षाला १००० रुपयांपर्यंत आकार लावता येतो. ३००० चौरस मीटरच्या इमारतीला हा आकडा ३०,००० पर्यंत जातो. बिल्डर नकाशा आणि परवानग्यांची फाईल देऊन निघून जातो. पुढे कमिट्या बदलतात, पेव्हर नवे बसतात आणि खड्डा नेमका कुठे आहे हे वॉचमनलाही ठाऊक नसते.

आपल्याकडे पाणी गाळल्यावर जिवाणी ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत सोडायची रीत आहे. पाणी वापरले की जबाबदारी संपली, असे आपल्या आजी-पणजींनी कधी मानले नाही. खड्ड्याची निगा याच वळणाची आहे.

तेव्हा मे महिन्यातल्या कमिटी मीटिंगला घरातले पुरुष जाणार असतील तर जाऊ देत, पण आपणही जायचे आणि तीन गोष्टी विचारायच्या. खड्डा कुठे आहे? त्याचा गाळ काढून वाळू-खडी शेवटची कधी धुतली? गच्चीचा पाइप अजून त्याला जोडलेला आहे ना? खर्चाचे कारण पुढे आले तर दुरुस्ती निधीकडे बोट दाखवा. आदर्श उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या वर्षाला ०.७५ टक्के रक्कम त्यात आपण भरतोच. आणि गच्ची जूनच्या आधी झाडून घ्या, पहिल्या सरींचे मळके पाणी खड्ड्यात न घेता बाहेर सोडा. मीटिंगच्या इतिवृत्तात हे सगळे नोंदवून घ्यायला मात्र विसरू नका.