आधी पंप, मग बंब

१३ जून २०२३ला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कुणे गावाजवळच्या पुलावर ज्वलनशील द्रवाचा टँकर उलटला आणि पेटला. आगीचे लोळ पुलाखालच्या रस्त्यापर्यंत गेले, चार माणसं दगावली. मदतीला धावलेल्यांत लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीचं, म्हणजे नौदलाचं पथकही होतं. लष्करी बंब आणि नगरपालिकेचा बंब शेजारी उभे केले तर रंग आणि पाट्या सोडून फारसा फरक जाणवत नाही, कारण दोघांचं कूळ एकच. हे कूळ गाडीपासून नव्हे, पंपापासून सुरू होतं.

१९३८मध्ये, दुसरं महायुद्ध दारात आलं असताना, ब्रिटनने ऑक्झिलरी फायर सर्व्हिस उभी केली. बॉम्ब पडले तर आगी एकाच वेळी शेकडो ठिकाणी लागणार, आणि तितके बंब बांधायला ना पैसा होता ना वेळ. मग दोन चाकांच्या गाड्यावर एंजिन आणि पंप बसवला आणि तो ओढायला मिळेल ते वाहन जोडलं. लंडनमध्ये हे काम टॅक्सींनीही केलं. हाच ट्रेलर पंप. ओढणारी गाडी मोडली तर दुसरी जोडायची, पंप चालूच.

या पंपासोबत पाणी नसे. ते जागेवर शोधायचं : नदी, तळं, हौद, नाहीतर गोदीतला समुद्र. जाड सक्शन नळी पाण्यात सोडायची, तिच्या टोकाला गाळणी. आधी नळीतली हवा काढून टाकायची, याला प्रायमिंग म्हणतात. कुठे एका जोडाला वायसर बसला नसेल तर एंजिन कितीही गरजलं तरी पाणी चढत नाही. आणि सगळं नीट असलं तरी पंप पाण्यापासून सात-आठ मीटरपेक्षा उंच ठेवून चालत नाही. वर ढकलतो तो हवेचा दाब, एंजिनाची ताकद तिथे उपयोगाची नसते.

लंडनवर बॉम्ब पडू लागले तेव्हा आणखी एक गोची उघड झाली. मदतीला आलेल्या परगावच्या दलांच्या नळ्या एकमेकांना जुळत नव्हत्या. ऑगस्ट १९४१मध्ये सगळी दलं मोडून एकच नॅशनल फायर सर्व्हिस झाली आणि झटक्यात बसणारा अडीच इंची जोड सगळीकडे रुळला. आपल्याकडच्या नळ्यांना आजही ६३ मिलिमीटरचा जोड असतो, तो त्याच अडीच इंचाचा. माझ्या मते युद्धातल्या बंबाचा खरा वारसा हा पितळी जोडच. गाड्या भंगारात गेल्या, जोड राहिला.

मुंबईत या पंपांची परीक्षा १४ एप्रिल १९४४ला झाली. व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाला आग लागली. पोटात कापसाच्या गासड्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटकं. नऊशे टनांहून जास्त पाणी ओतलं, तरी आगीचं मूळ सापडेना. चारच्या सुमारास पहिला प्रचंड स्फोट झाला, अर्ध्या तासात दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. देशभर अग्निशमन दिन पाळतात तो याच तारखेला.

युद्धानंतर पंप हलका करायच्या नादात गंमत झाली. कोव्हेंट्री क्लायमॅक्स कंपनीने ब्रिटिश सरकारच्या मागणीवरून उचलता येईल असं ॲल्युमिनियमचं एंजिन बांधलं, आणि शर्यतवाल्यांनी ते उचलून मोटारीत घातलं. आग विझवायला जन्मलेलं एंजिन १९५४मध्ये ल मॉंच्या शर्यतीत पळत होतं!

आपल्याकडे ट्रेलर पंप कारखान्यांतून आणि नगरपालिकांतून बरीच वर्षं टिकला. मग पाण्याची टाकी पाठीवर घेतलेला बंब आला. का आला, ते घाटाखालच्या कर्जत-खालापूरचा नकाशा पाहिला की कळतं. पावसाळ्यात धो धो कोसळणाऱ्या या भागात उन्हाळ्यात ओढे कोरडे पडतात. पाणी टिकतं ते टाटांच्या वीजघरांच्या खाली : खोपोलीच्या १९१५च्या वीजघरातून सुटलेल्या पाण्यावर पाताळगंगा बारमाही वाहते, भिवपुरीच्या १९२२च्या वीजघराचं पाणी कर्जतच्या राजनाल्याला मिळतं. तिथे सक्शन सोडता येईल. पण द्रुतगती मार्ग ज्यातून चढतो त्या बोरघाटाच्या मधल्या वळणावर कसली नदी आणि कसलं तळं? नदी खाली राहिली शेकडो मीटर, आणि सक्शनची झेप सात-आठ. त्यामुळे पाणी बरोबरच न्यावं लागतं.

रसायनाच्या टँकरवर मात्र नुसतं पाणी चालत नाही, फोम लागतो. इथेही सैन्यच मध्ये आलं : इंधनाच्या पृष्ठभागावर पातळ पडदा पसरून आग कोंडणारा एएफएफएफ फोम १९६०च्या दशकात अमेरिकी नौदलाने थ्रीएम कंपनीच्या साथीने काढला, विमानवाहू जहाजांवरच्या इंधनाच्या आगींसाठी. त्यातली फ्लोरिनयुक्त रसायनं जमिनीत आणि विहिरीच्या पाण्यात वर्षानुवर्षं मुरून राहतात, हे पुढे कळलं. आता अमेरिकी सैन्य स्वतःच तो फोम बाद करून फ्लोरिनविरहित फोमकडे वळतंय.