सोंगट्यांवर मांडलेलं आकाश

6 सप्टेंबर 1939. ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारून जेमतेम तीन दिवस झाले होते. सकाळीच एसेक्सच्या किनाऱ्याकडे अनोळखी विमानं येत असल्याची वर्दी आली. त्यांना अडवायला हरिकेन विमानं उडाली. यंत्रणेने मग त्या हरिकेननाच शत्रू ठरवलं आणि त्यांच्यावर स्पिटफायर सोडल्या. स्पिटफायरनी आपल्याच दोन हरिकेन पाडल्या. त्यात मारला गेलेला माँटेग्यू हल्टन-हॅरप हा या युद्धातला ब्रिटनचा पहिला बळी गेलेला लढाऊ वैमानिक. आकाशात त्या वेळी एकही जर्मन विमान नव्हतं.

‘बार्किंग क्रीकची लढाई’ या नावाने ओळखली जाणारी ही घटना माहितीच्या तुटवड्यामुळे घडली नाही. वर्द्या भरपूर येत होत्या. त्यांतली खरी कुठली, दोन वर्द्या एकाच विमानाच्या की दोन वेगळ्या, हे वेळेत ठरवता आलं नाही. आज बँका, शेअर बाजार आणि वीजमंडळांचे संगणक हेच काम क्षणोक्षणी करतात. त्याला ‘कॉम्प्लेक्स इव्हेंट प्रोसेसिंग’ म्हणतात. हे नाव रूढ झालं 1990 च्या दशकात, स्टॅनफर्डच्या डेव्हिड लकहॅम यांच्या संशोधनातून. काम मात्र त्याच्या पन्नासेक वर्षं आधी, एकाही संगणकाशिवाय, लंडनच्या वायव्येला सुरू झालं होतं.

रडारची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. 26 फेब्रुवारी 1935 रोजी डेव्हेंट्रीजवळ रॉबर्ट वॉटसन-वॉट आणि अर्नॉल्ड विल्किन्स यांनी बीबीसीच्या लघुलहरींच्या आधारे सुमारे 13 किलोमीटरवरचं हेफर्ड बाँबर विमान हेरलं. पुढच्या चार-पाच वर्षांत इंग्लंडच्या दक्षिण आणि पूर्व किनाऱ्यावर ‘चेन होम’ केंद्रांची रांग उभी राहिली. प्रक्षेपणाचे पोलादी मनोरे 110 मीटर उंच होते. फ्रान्सवर जमणारी विमानंही तिथून दिसत.

दिसत म्हणजे काय, हे नीट पाहायला हवं. पडद्यावर एक आडवी रेषा, आणि तिला खालच्या बाजूने फुटलेला दात. तो कुठे आहे यावरून अंतर बऱ्यापैकी अचूक मिळे. दिशा ढोबळच कळायची, उंची त्याहून ढोबळ. विमानं किती, हे दात कसा थरथरतो त्यावरून अनुभवी नजरेने सांगायचं. मागच्या बाजूचं विमान समोर असल्याचा भासही होऊ शकत असे. शिवाय एकच टोळी तीन-चार केंद्रांना दिसे, आणि प्रत्येक केंद्र तिची जागा वेगळी सांगे.

या गोंधळावरचा उपाय म्हणजे फायटर कमांडचे प्रमुख ह्यू डाउडिंग यांच्या मुख्यालयातली, स्टॅनमोरच्या बेंटली प्रायरीमधली ‘फिल्टर रूम’. मध्ये नकाशाचं भलंमोठं टेबल. भोवती हवाईदलाच्या महिला शाखेतल्या तरुण मुली, कानाला फोन लावून, प्रत्येकीकडे ठरावीक केंद्रं. आकडे कानावर पडताच त्या नकाशावर सोंगटी ठेवत. पेव्हेन्सीचं केंद्र विमान एका जागी सांगे, शेजारचं रायचं केंद्र काही मैल बाजूला. टेबलापाशी उभा असलेला फिल्टर अधिकारी दोघांच्याही दिशा बाजूला ठेवी आणि फक्त अंतरं घेई. दोन्ही अंतरांच्या कमानी जिथे एकमेकींना छेदत, तिथे विमान! असे लागोपाठचे दोन-तीन छेद जुळले की मार्ग ठरला. त्याला क्रमांक मिळे, आणि शत्रू, मित्र की अनोळखी असा शिक्का. एवढं झाल्यावरच तो मार्ग लढाईच्या कक्षांकडे कळवला जाई. हे सगळं मिनिटा-दोन मिनिटांत, दर मार्गासाठी, तासन्‌तास. 1940 च्या ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ या हवाई लढाईच्या वर्णनांत वैमानिकांना पानंच्या पानं मिळतात, या टेबलाला मात्र चार ओळी. हा अन्याय आहे.

लढाईच्या कक्षांतलं घड्याळ तर मुद्दाम वेगळं बनवलेलं. तबकडीवर पाच-पाच मिनिटांचे लाल, पिवळे, निळे पट्टे. मिनिटकाटा ज्या रंगावर असेल त्याच रंगाचा बाण नकाशावर ठेवायचा, आणि जुन्या रंगाचे बाण उचलून टाकायचे. किती ताजी माहिती बघतोय, हे अधिकाऱ्याला न विचारता कळे. आजच्या प्रणालींत ‘शेवटच्या पाच मिनिटांतल्या घटना’ अशी सरकती खिडकी ठेवतात. तिचं हे पूर्वरूप.

रडारची नजर समुद्राकडे होती. किनारा ओलांडून आत आलेली विमानं मोजायची ऑब्झर्व्हर कोअरच्या सुमारे 30,000 स्वयंसेवकांनी, हजारभर चौक्यांवरून, दुर्बिणी आणि कान लावून. स्वतःच्या विमानांची जागा कळावी म्हणून त्यांच्या रेडिओतून दर मिनिटाला 14 सेकंद खूण प्रसारित होई. या सगळ्याला घाई होती. इंग्लिश खाडीच्या अरुंद भागात पलीकडून अलीकडे यायला बाँबरला सात-आठ मिनिटं पुरत, आणि स्पिटफायरला 20,000 फुटांवर पोचायला त्याहून जास्त वेळ लागे.

रडार जर्मनांकडेही होतं. त्यांचं फ्राया काही बाबतींत चेन होमपेक्षा सरस होतं. नव्हती ती ही चाळण. 12 ऑगस्ट 1940 ला त्यांनी व्हेंटनरचं केंद्र निकामी केलं, पण तीनच दिवसांनी त्यांचा हवाईदलप्रमुख गोअरिंग याने अशा केंद्रांवरचे हल्ले निरर्थक ठरवून थांबवायला सांगितलं. या मनोऱ्यांच्या मागे फोनच्या तारांनी जोडलेलं एक टेबल आहे, याचं महत्त्व त्यांना उमगलंच नाही.

पुढे 1958 पासून अमेरिकेने हेच काम ‘सेज’ नावाच्या प्रणालीत सुमारे 250 टन वजनाच्या संगणकांवर सोपवलं. वेग वाढला, शंका घेण्याची गरज संपली नाही. 26 सप्टेंबर 1983 च्या रात्री सोव्हिएत उपग्रहांनी पाच अमेरिकी क्षेपणास्त्रं सुटल्याची वर्दी दिली. कर्तव्यावर असलेले स्टानिस्लाव पेट्रोव्ह यांनी ती खोटी ठरवली: खरा हल्ला पाचच क्षेपणास्त्रांनी होणार नाही, आणि जमिनीवरच्या रडारांचा दुजोराही नाही. उपग्रहांना ढगांवर चमकलेल्या उन्हाने फसवलं होतं. एका स्रोताच्या शब्दावर मार्ग ठरवायचा नाही, हा फिल्टर रूमचाच शिरस्ता.

लंडनला कुणी जाणार असेल, तर मेट्रोपोलिटन लाइनच्या शेवटच्या अक्सब्रिज स्थानकावर उतरावं. दक्षिण-पूर्व इंग्लंडची लढाई जिथून चालली तो फायटर कमांडच्या 11 ग्रुपचा कक्ष तिथे जमिनीखाली सुमारे 18 मीटरवर जपून ठेवला आहे. आत गेल्यावर आधी घड्याळाचे रंग पाहावेत आणि मग टेबल. त्यावर 15 सप्टेंबर 1940 च्या लढाईची स्थिती मांडलेली आहे.