सामाईक मोटारीचा महजर

विश्वकोशात कोणाला स्थान द्यावे, हा प्रश्न कागदी कोशांच्या काळी पृष्ठसंख्या आणि छपाईचा खर्च हेच बव्हंशी सोडवून टाकीत; डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे 23 खंड ज्या द्रव्यटंचाईत तडीस नेले, तीत एखाद्या व्यापारी पेढीच्या हौसेखातर रकाना खर्च करण्याची चैन संभवतच नव्हती. 2001 साली निघालेल्या विकिपीडियाने कागदाची ही अडचण दूर केली आणि पारखीचे सारे ओझे माणसाच्या विवेकावर येऊन पडले. सभासदांना तासाच्या हिशेबाने सामाईक मोटार वापरू देणारी एखादी कंपनी आपली नोंद व्हावी म्हणून दाराशी आली, तर तेथे मुख्यतः एकच कसोटी लावतात: कंपनीशी लागाबांधा नसलेल्या विश्वसनीय लेखकांनी आपण होऊन तिच्याविषयी सविस्तर काही लिहिले आहे काय? तिने स्वतः प्रसृत केलेली पत्रके, भांडवल उभारल्याच्या बातम्या, नव्या शहरात शाखा उघडल्याची वार्ता, यांची गणना पुराव्यात होत नाही.

ही पद्धत आपल्याला अपरिचित वाटण्याचे कारण नाही. मराठेशाहीतील गोतसभेपुढे, म्हणजे न्यायसभेपुढे, वतनाचा तंटा आला की उभय पक्ष आपापला करीणा, म्हणजे आपल्या बाजूची लेखी हकीकत, सादर करीत, परंतु केवळ करीण्यावर निवाडा होत नसे. गोहीसाक्षी घेऊन, जुने कागद पाहून, मग महजर, म्हणजे निवाड्याचा लेख, लिहिला जाई. कंपनीचे माहितीपत्रक हा तिचा करीणा होय.

या कसोटीचे फळ मात्र कधीकधी चमत्कारिक असते, कारण तिच्यापुढे बुडालेल्यांचा दावाही बळकट ठरतो. 1948 साली झुरिकमध्ये, स्वतःची मोटार घेण्याची ऐपत नसलेल्या काही मंडळींनी 'सेफागे' नावाची सहकारी संस्था काढून मोटारी सामाईक केल्या. संस्था लहानच राहिली आणि 1998 साली बंद पडली, पण सामाईक मोटारीचा इतिहास लिहिणारे अभ्यासक बहुधा आरंभ तिच्यापासूनच करतात. त्याहून रोचक ॲम्स्टरडॅमची 'विटकार', अर्थात पांढरी गाडी. 1965 साली तेथील प्रोव्हो चळवळीने कोणीही घ्यावी, कोठेही सोडावी अशा पांढऱ्या सायकलींची योजना मांडली, तेव्हा कुलूप नाही या सबबीवर पोलिसांनीच त्या सायकली जप्त करून नेल्या (औदार्याचा कायद्याला असा संशय येतोच!). त्याच योजनेचे जनक लूड स्खिमेलपेनिंक यांनी 1974 साली दोघांपुरती, तीन चाकांची, विजेवर चालणारी विटकार रस्त्यावर आणली. सभासदाने स्थानकावर किल्ली लावून कोठे जायचे ते कळवावे, आणि तेथे जागा मोकळी आहे अशी खात्री संगणकाने करून घेतल्यावरच गाडी हाती यावी, अशी व्यवस्था त्या काळी सिद्ध झाली होती, हे वाचताना विस्मय वाटतो. परंतु स्थानके पाचांच्या आसपासच झाली, गाड्या 35 च्या घरातच राहिल्या, एका ठिकाणी गाड्यांची गर्दी तर दुसऱ्या ठिकाणी दुष्काळ असा असमतोल होऊ लागला, आणि 1980 च्या दशकात तो प्रयोग आटोपला. धंदा म्हणून तो फसला हे खरे. पण त्याच्यावर परक्यांनी इतके लिहून ठेवले आहे की त्याची नोंद नाकारणारा कोशकार दोषी ठरेल.

2000 साली अमेरिकेतील केंब्रिज येथे निघालेल्या झिपकार या सामाईक मोटारींच्या कंपनीविषयी तर वादच नाही. 2013 मध्ये मोटारी भाड्याने देणाऱ्या एव्हिस कंपनीने तिला सुमारे 50 कोटी डॉलरांना विकत घेतले, आणि त्याच्या बऱ्याच आधीपासून ती व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांत अभ्यासली जात होती.

काल स्थापन झालेली, स्वतःच्या पत्रकांखेरीज दफ्तरात काही नसलेली कंपनी मात्र या पंक्तीत बसत नाही. इंग्रजी विकिपीडियावर नोंद ठेवावी की वगळावी या चर्चेला सामान्यतः सात दिवसांची मुदत असते. ती पुरती वापरून परक्यांचे लेख शोधावेत, आणि ते न मिळाल्यास नोंद वगळावी.