चित्रपटातील वीरांच्या बाहुल्या किती टिकतात?

हिंगोली - येथील दसरा महोत्सवाला दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा आहे. रावणदहनासाठी येणाऱ्या बालगोपाळांचा खरा जीव मात्र खेळण्यांच्या दुकानांत अडकलेला असतो. तेथे आता स्पायडरमॅन, हल्क, आयर्न मॅन अशा चित्रपटवीरांच्या बाहुल्या हमखास मागितल्या जातात. घरी येताच हात निखळतो आणि रुसवा सुरू होतो. असे का व्हावे, हे जाणून घेण्यासाठी या खेळण्याची रचना पाहावी लागते.

अमेरिकेतील हॅसब्रो कंपनीने १९६४ मध्ये 'जी. आय. जो' हा सैनिक बाजारात आणला आणि त्यास 'अॅक्शन फिगर' असे नाव दिले. मुलगे 'बाहुली' घेणार नाहीत, ही भीती त्यामागे होती. खेळणे अर्थातच बाहुलीचेच! १९७७ च्या 'स्टार वॉर्स' चित्रपटानंतर केनर कंपनीने पावणेचार इंच, म्हणजे सुमारे साडेनऊ सेंटिमीटर उंचीच्या मूर्ती काढल्या आणि चित्रपट व खेळणी यांची गाठ पक्की झाली.

१९८२ पासून 'जी. आय. जो'ही याच उंचीचा झाला. त्याच्या पोटात एक रबरी कडी असे. धड, कंबर आणि पाय या कडीनेच एकमेकांस बांधलेले असत. फनस्कूल कंपनीने भारतात तयार केलेले असे सैनिक आज चाळिशीत असलेल्या अनेकांच्या लहानपणीचे सोबती होत. काही वर्षांनी रबर सुकते, तडकते आणि सैनिकाचे दोन भाग होतात. पाठीचा स्क्रू काढून कडी बदलली की तो पुन्हा उभा राहतो. अंगठा किंवा कंबरेचा नाजूक भाग तुटल्यास मात्र इलाज नाही.

आजच्या चांगल्या मूर्तीत धडासाठी कठीण एबीएस, चेहरा व अंगरख्यासाठी मऊ पीव्हीसी असे वेगवेगळे प्लास्टिक वापरतात. स्वस्त नकलेत सारे अंग एकाच पोकळ, ठिसूळ प्लास्टिकचे असते आणि सांध्याची खीळ काडीएवढी बारीक. पहिला घाव तिच्यावरच बसतो. रंगामुळे सांधा जाम झाला असेल तर जोर लावू नये. कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवल्यास तो सैल होतो.

पीव्हीसीला मऊपणा देणारे द्रव्य कालांतराने पृष्ठभागावर येते व मूर्ती चिकट होते. उष्णतेने ही क्रिया वेगावते. मे महिन्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जाणाऱ्या या जिल्ह्यात पत्र्याच्या खोलीत किंवा मोटारीच्या काचेमागे ठेवलेली मूर्ती लवकर वाकडी होते, उन्हाने रंगही उडतो.

टिकाऊपणाहून सुरक्षिततेचा प्रश्न गंभीर आहे. तुटलेला पंजा तीन वर्षांखालील मुलाच्या घशात अडकू शकतो. हलक्या रंगात शिसे असण्याचा धोकाही असतो. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे करण्यात आले. या प्रमाणनासाठी खेळणे पाडून, पिळून व ओढून पाहिले जाते आणि रंगातील विषारी धातूही तपासले जातात. हे चिन्ह सांधा दहा वर्षे टिकेल याची हमी देत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

खरेदीपूर्वी वेष्टनावरील उत्पादकाचे नाव, वयोगट आणि चिन्हालगतचा 'सीएम/एल' ने सुरू होणारा परवाना क्रमांक पाहावा. भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाईल अॅपवर तो पडताळता येतो. डोळे व ओठांचे रंग रेषेबाहेर गेले असतील, उग्र वास येत असेल किंवा उभी केलेली मूर्ती कलंडत असेल, तर ती नक्कल असण्याची शक्यता अधिक. बिल घेतलेले असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविणे सोपे जाते.