कार्थेजच्या तुरुंगातले टिपण

सतराव्या शतकात इटलीतल्या माँते कॅसिनोच्या मठात लुकास होल्स्टेनियस या विद्वानाला एक लॅटिन हस्तलिखित सापडले. ते छापून आले 1663 साली, त्याच्या मृत्यूनंतर. 1889 मध्ये जेरुसलेमला त्याच मजकुराची ग्रीक प्रत मिळाली. या मजकुरात तीन हात दिसतात. सुरुवात आणि शेवट एका अनामिक संपादकाचा, एक स्वप्न सातुरस नावाच्या कैद्याचे, आणि मधला गाभा पर्पेतुआने स्वतःच्या हाताने लिहिलेला, असे संपादक सांगतो.

विबिया पर्पेतुआ कार्थेजची, म्हणजे आजच्या ट्युनिशियातली. वय बावीसच्या आसपास, घर चांगले, शिक्षण झालेले, अंगावर पिते मूल. लॅटिन मजकुरात साल नाही. सम्राटपुत्र गेटाच्या वाढदिवसाचे खेळ आणि वारलेल्या प्रोकॉन्सलच्या जागी कारभार पाहणारा हिलारियनस, यांवरून अभ्यासक तिच्या मरणाचे साल इ.स. 203 धरतात. 7 मार्च हा तिचा स्मरणदिवस चौथ्या शतकातल्या रोमच्या चर्चच्या यादीत नोंदलेला आहे.

पहिल्या शतकांतल्या रक्तसाक्षींना इहलोक तुच्छ वाटे, त्यांचे डोळे फक्त स्वर्गाकडे लागलेले असत, असे सर्रास लिहिले जाते. हे टिपण वाचताना ते विधान मला दर वेळी खटकते.

तुरुंगाबद्दल ती आधी काय लिहिते? काळोख, गर्दीचा उकाडा, शिपायांची दांडगाई, आणि या सगळ्यावर कडी म्हणजे मुलाची काळजी. तेर्तियस आणि पोम्पोनियस या ख्रिस्ती मंडळीच्या दोन दीकनांनी पैसे चारले, तेव्हा कैद्यांना काही तास जरा बऱ्या जागी हलवले गेले. तिथे तिने भुकेने मलूल झालेल्या बाळाला पाजले. पुढे मूल जवळ ठेवायची परवानगी मिळाली आणि तोच तुरुंग तिला राजवाड्यासारखा वाटू लागला. ही माणसे मरायचीच आहेत, मग हवेसाठी आणि दुधासाठी पैसा कशाला, असे मंडळीतल्या कोणी म्हटले नाही.

सुनावणीच्या दिवशी म्हातारा बाप मुलाला कडेवर घेऊन पुढे आला. बापाच्या पिकल्या केसांकडे बघ, पोराकडे बघ, सम्राटांच्या कल्याणासाठी एवढा बळी दे, असे हिलारियनसने तिला बजावले. तिने नकार दिला आणि आपण ख्रिस्ती असल्याचे सांगितले. बाप मध्ये पडला म्हणून त्याला छडीचा मार बसला. तो मार जणू आपल्यालाच बसला, असे ती लिहिते. शिक्षेनंतर बापाने मूल परत द्यायचे नाकारले. मग मुलाने पुन्हा दूध मागितले नाही, तिची छाती भरून येऊन ठणकलीही नाही. यात तिला देवाची इच्छा दिसली. काही अभ्यासकांना टिपणाच्या खरेपणाची शंका आहे. पण मरणाची शिक्षा झालेली बाई दूध न दाटल्याची नोंद करते, हे कोणी बसल्याजागी रचले असेल असे मला वाटत नाही.

आता तिचा परलोक पाहू. स्वप्नात काशाची अरुंद शिडी आहे, कडेने तलवारी आणि आकडे, खाली अजगर. वर पोचल्यावर मात्र बाग आणि मेंढ्यांची धार काढणारा पांढऱ्या केसांचा मेंढपाळ. त्याने तिच्या ओंजळीत घास दिला. लॅटिन शब्द चीजचा आहे. धार काढता काढता चीज कुठून, हा प्रश्न स्वप्नाला विचारू नये. जाग आली तेव्हा ती काहीतरी गोड चघळत होती. दुसऱ्या स्वप्नात तिचा भाऊ दिनोक्रातेस दिसतो. तो सात वर्षांचा असताना चेहऱ्याच्या रोगाने गेला होता. तो तहानलेला आहे आणि हौदाचा काठ त्याच्या उंचीबाहेर. ती रात्रंदिवस प्रार्थना करते. मग काठ खाली आलेला दिसतो, पोरगा पोटभर पाणी पितो आणि लहान मुलांसारखा खेळायला जातो. चेहऱ्यावर जखमेचा वण तेवढा उरलेला. तिच्या स्वर्गात भूक, तहान आणि वण या तिन्हींची दखल आहे.

याच शहरात, याच काळात ख्रिस्ती लेखक तेर्तुलियन लिहीत होता. पर्पेतुआच्या दर्शनाचा उल्लेख त्याने आत्म्यावरच्या ग्रंथात केला आहे. देहाच्या पुनरुत्थानावर त्याने वेगळा ग्रंथ लिहिला. आत्मा सुटला की देह टाकाऊ, हे मत खोडून काढायला तो हिरिरीने उतरला. देवाने घडवलेली माती वाया जाणार नाही, हा त्याचा रोख. पर्पेतुआची स्वप्ने या विचाराच्या शेजारी ठेवली की परकी वाटत नाहीत.

मग तुच्छतेची कल्पना आली कुठून? एक धागा कागदातच सापडतो. याच घटनेचा एक संक्षिप्त वृत्तांत नंतर तयार झाला. त्यात टिपणात कुठेही नसलेला नवरा आहे, आणि पर्पेतुआ मुलाला आणि घरच्यांना दूर लोटते. दुधाची नोंद करणारी आई तिथे उरत नाही. पुढच्यांना निर्मोही संत हवी होती, तशी ती त्यांनी घडवली, असे मी दोन्ही मजकूर शेजारी ठेवून म्हणतो.

पर्पेतुआबरोबर कैदेत असलेली गुलाम फेलिसिता आठ महिन्यांची गरोदर होती. गरोदर बाईला मारायला कायद्याची मनाई होती, आणि आपण मागे राहू याचे तिला दुःख होते. सगळ्यांनी प्रार्थना केली. खेळांच्या आधी ती बाळंत झाली. मुलगी मंडळीतल्या एका बहिणीने वाढवली.

रंगणात दोघींवर मारकी गाय सोडली. गायीने पर्पेतुआला आधी उडवले. ती उठून बसली, फाटलेले वस्त्र मांडीवर ओढून घेतले, मग आकडा मागून सुटलेले केस बांधले, कारण मोकळे केस ही सुतकाची खूण. मग तिला फेलिसिता जमिनीवर पडलेली दिसली. ती जवळ गेली, हात देऊन तिला उठवले, आणि दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या.