पॉलिसीवर सही करण्याआधी : मुंबईच्या इतिहासाने शिकवलेले काही प्रश्न

२६ जुलै २००५ च्या रात्री साकीनाक्याजवळच्या चाचांच्या गाळ्यात छातीइतके पाणी शिरले. धंदा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. पाणी ओसरल्यावर गाळ्यात खोकी राहिली नव्हती, नुसता लगदा होता. तरी चाचा फारसे हादरले नाहीत, कारण गाळ्याचा विमा होता. दरवर्षी न चुकता ते हप्ता भरत. आठवड्याभराने सर्व्हेअर आला, त्याने पॉलिसी मागितली आणि इंग्रजीतल्या एका ओळीवर बोट ठेवले. वादळ आणि पुराचे संरक्षण या पॉलिसीतून वगळले होते. त्या काळच्या आगविमा दरपत्रकात अशी सोय होती. पूर नको, दंगल नको असे लिहून दिले की हप्ता थोडा कमी होई. चाचांचे काही शे रुपये वाचले होते. ते एवढेच म्हणाले, "एजंट म्हणाला होता, साकीनाक्याला कुठला पूर येणार?"

त्या एका दिवसात सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर कुलाब्यात जेमतेम ७३. एकाच शहरात एकाच दिवशी एवढा फरक पडला. जोखीम पत्त्यागणिक बदलते हे त्या दिवशी उपनगरांनी शिकवले.

मी विम्याचा जाणकार नाही, एजंट तर मुळीच नाही. पण ती ओळ चाचांना मराठीतून वाचून दाखवावी लागली तेव्हापासून मी या विषयाचा इतिहास वाचत आलो. पॉलिसी घेण्यापूर्वी जे प्रश्न विचारावेत असे आज सांगितले जाते, त्यातला प्रत्येक प्रश्न कुणाच्या तरी नुकसानीतून जन्मला आहे. त्यातल्या बऱ्याच गोष्टी आपल्याच मुंबईत घडल्या.

कोणती जोखीम, कोणती नाही?

विमा साहेबाने आणला असे आपण मानतो. पण पश्चिम किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यांकडे त्याआधीपासून 'जोखमी हुंडी' होती. गलबतात माल भरणारा व्यापारी तो माल घेणाऱ्यावर हुंडी लिही आणि ती तिसऱ्याला विकून पैसे मोकळे करी. माल बंदरात सुखरूप पोचला तर हुंडी वटे. गलबत बुडाले तर हुंडीही बुडे. हुंडी घेणाऱ्याने जोखीम उचललेली असे आणि तिची किंमत कसरीत वसूल केलेली असे. यात महत्त्वाचे हे, की कोणती जोखीम कुणाच्या माथी आहे ते सौद्याच्या वेळीच दोघांना ठाऊक असे. छापील पॉलिसी आली आणि हे ठाऊक असणे एकाच बाजूला उरले.

त्याचा मोठा धडा १४ एप्रिल १९४४ रोजी मिळाला. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाला आग लागली. पोटात कापूस आणि सुमारे १,४०० टन स्फोटके. दुपारी चारनंतर दोन प्रचंड स्फोट झाले, शेकडो माणसे गेली, गोदीलगतच्या वखारी आणि दुकाने जळाली. अनेकांकडे आगीच्या पॉलिसी होत्या. पण हे नुकसान आगीचे की स्फोटाचे? साध्या आगीच्या पॉलिसीत स्फोट धरलेला नसे. ज्याचे दुकान गेले त्याच्या दृष्टीने या प्रश्नाला काही अर्थ नव्हता. पॉलिसीच्या दृष्टीने मात्र सारा अर्थ त्यातच होता. अखेर सरकारला त्याच वर्षी स्फोटाच्या भरपाईसाठी खास वटहुकूम काढावा लागला. सरकारमुळे झालेल्या स्फोटाची भरपाई सरकारने केली. पण गाळ्यात शिरलेल्या पुरासाठी कुणी वटहुकूम काढत नाही.

म्हणून पहिला प्रश्न 'काय मिळेल' हा नव्हे, 'कशाचे मिळणार नाही' हा. अपवादांचे पान आधी वाचावे. गाडीच्या विम्याचेच पाहा. साचलेल्या पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करायला गेलो आणि इंजिनात पाणी शिरून ते निकामी झाले, तर साध्या पॉलिसीत ते नुकसान बहुधा धरत नाहीत. त्यासाठी इंजिनाचे जादा संरक्षण घ्यावे लागते. अंधेरीच्या सबवेतून पावसाळ्यात ये-जा करणाऱ्याने हे जरूर विचारावे.

दुसरी गोष्ट रकमेची. दुकानात दहा लाखांचा माल असताना हप्ता वाचवायला पाच लाखांचाच विमा उतरवला आणि दोन लाखांचे नुकसान झाले, तर दोन लाख मिळत नाहीत. अर्धाच विमा, म्हणून अर्धीच भरपाई, एक लाख. हा सरासरीचा नियम फार जुना आहे, पण बहुतेकांना तो पहिल्यांदा सर्व्हेअरच्या तोंडून कळतो.

पैसा कुणाकडे ठेवतो आहोत?

१८१८ मध्ये कलकत्त्यात ओरिएंटल लाइफ ही कंपनी निघाली ती मुख्यतः युरोपियनांसाठी. हिंदी माणसाचा जीव विम्याच्या लेखी जास्त जोखमीचा, म्हणून त्याला जादा हप्ता पडे. हिंदी माणसाला नेहमीच्या दराने विमा देण्याची सुरुवात १८७० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअलने केली. चारच वर्षांनी मुंबईतच ओरिएंटल गव्हर्न्मेंट सिक्युरिटी निघाली. १९१३ मध्ये साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुल्यांनी वेस्टर्न इंडिया लाइफ काढली. १९१९ मध्ये सर दोराबजी टाटांनी मुंबईत न्यू इंडिया सुरू केली. स्वदेशीच्या वाऱ्यात कंपन्यांचे पीक आले.

पिकाबरोबर तणही वाढले. १९५६ च्या आधीच्या दहा वर्षांत २५ आयुर्विमा कंपन्या दिवाळखोरीत गेल्या आणि आणखी २५ कंपन्यांची अवस्था अशी झाली, की त्यांचा धंदा विमेदारांचे नुकसान सोसून दुसऱ्यांकडे सोपवावा लागला. भारत इन्शुरन्सचा पैसा मालकाने आपल्या उलाढालींत वळवला हे फिरोज गांधींनी लोकसभेत मांडले आणि पुढे रामकृष्ण दालमियांना तुरुंगात जावे लागले. १९ जानेवारी १९५६ च्या रात्री अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी रेडिओवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. हे देशमुख महाडजवळच्या नात्याचे, आपल्या रायगडचे. त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडले. १ सप्टेंबर १९५६ रोजी २४५ संस्था एकत्र करून आयुर्विमा महामंडळ उभे राहिले.

सरकारी झाले म्हणजे सुरक्षित झाले, असे मात्र घडले नाही. पुढच्याच वर्षी महामंडळाने हरिदास मुंध्रा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटीचे शेअर घेतले. विमेदारांचा पैसा एका अडचणीतल्या सटोडियाच्या मदतीला गेला होता. पुन्हा फिरोज गांधी उभे राहिले. चौकशी सोपवली गेली ती मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश महंमद करीम छागला यांच्याकडे. छागलांनी मुंबईत उघड सुनावणी घेतली. लोकांची इतकी गर्दी झाली की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. महिन्याभराच्या आत अहवाल आला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. विम्याचा पैसा विमेदारांच्या हितासाठीच वापरला पाहिजे, हे तत्त्व छागलांनी ठामपणे मांडले. मुंबईच्या एका मुसलमान न्यायाधीशाने देशभरच्या विमेदारांची बाजू राखली, ही आपल्या शहराची आठवण आपणच फारशी काढत नाही.

आज खासगी कंपन्या पुन्हा आल्या आहेत. १९९९ च्या कायद्याने विमा नियामक प्राधिकरण आले. कंपनीची पत किती आणि शंभरातले किती दावे ती चुकते करते, हे आकडे आता जाहीर होतात. ते पाहायला पाच मिनिटे लागतात. याच्या जोडीला एजंटाला सरळ विचारावे: यात विमा किती आणि गुंतवणूक किती? परतावा हमीचा की बाजारावर अवलंबून? मध्येच हप्ता थांबला तर हातात काय येईल? दोन्ही एकत्र बांधलेल्या पॉलिसीत हप्ता मोठा आणि संरक्षण लहान असते. कमावत्या माणसाच्या मागे घर चालावे हाच हेतू असेल, तर साधा मुदतीचा विमा त्याच पैशात कितीतरी जास्त रकमेचा मिळतो.

आपल्या घरातला प्रश्न

आमच्या घरांत याआधी आणखी एक प्रश्न येतो: विमा जायज आहे का? तोही जुनाच. दमास्कसचे हनफी विद्वान इब्न आबिदीन (मृत्यू १८३६) यांनी युरोपियनांच्या सागरी विम्याचा विचार करून त्यावर आक्षेप घेतला होता. व्याज, अनिश्चितता आणि जुगाराचा अंश हे मुद्दे तेव्हापासून आहेत. सहकारी तत्त्वावरचा 'तकाफुल' हा पर्याय १९७९ मध्ये सुदानमध्ये सुरू झाला. भारतात मात्र वेगळी परिस्थिती समोर होती. १९९२ च्या शरद ऋतूत आझमगडला भरलेल्या इस्लामिक फिकह अकादमीच्या परिसंवादात उलेमांनी मान्य केले, की मूळ आक्षेप कायम असले तरी दंगलींत जीव आणि मालमत्ता धोक्यात असल्याने इथल्या मुसलमानांना विमा उतरवण्याची मुभा आहे.

त्यानंतर काही आठवड्यांतच डिसेंबर उजाडला. डिसेंबर आणि जानेवारीत मुंबईत ९०० माणसे मारली गेली, असे श्रीकृष्ण आयोगाने नोंदवले. जोगेश्वरीने दोन्ही समाजांची घरे जळताना पाहिली. दुकानाच्या पॉलिसीतून दंगलीचे कलम वगळून हप्ता वाचवणे म्हणजे काय, हे त्या हिवाळ्यानंतर कुणाला समजावून सांगावे लागले नाही. ज्याचे मन विम्याला तयार होत नाही त्याच्याशी मी वाद घालत नाही. पण नको म्हणणे हा विचार करून घेतलेला निर्णय असावा, आळसाला दिलेले धार्मिक नाव नसावे.

पैसे नक्की कुणाचे?

नॉमिनीच्या रकान्यात आपण बायकोचे नाव लिहितो आणि समजतो, झाले. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये सरबतीदेवी खटल्यात सांगितले, की नॉमिनी रक्कम फक्त स्वीकारतो, मालकी वारसांची. २०१५ च्या दुरुस्तीने आईवडील, जोडीदार किंवा मुले नॉमिनी असतील तर रकमेवर त्यांचाच हक्क मानला. तरी वाटणीचे वाद कोर्टात जातातच. म्हणून पॉलिसी कुठे आहे आणि पैसे कुणासाठी आहेत, हे घरात सर्वांना हयातीतच सांगावे.

एक जुना कायदा आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याचे सहावे कलम आधी हिंदू-मुसलमानांना लागू नव्हते. १ एप्रिल १९२३ पासून ते मुंबई इलाख्यातल्या मुसलमानांनाही लागू झाले. नवऱ्याने स्वतःच्या आयुष्यावर बायको-मुलांच्या नावे या कलमाखाली पॉलिसी घेतली, तर ती त्यांच्यासाठीचा विश्वस्त निधी ठरते. नवऱ्याच्या सावकारांना तिला हात लावता येत नाही. धंद्यात कर्ज असलेल्या माणसाने पॉलिसी घेतानाच हे विचारावे. मागाहून ते सोपे नसते.

खरे सांगा, वेळेत वाचा

फॉर्म एजंटाला भरू द्यायचा आणि आपण नुसती सही करायची, ही आपली सवय. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू हे रकाने तो 'नाही' म्हणून भरतो, कारण त्याला पॉलिसी लवकर काढायची असते. दावा नाकारला जातो तो मात्र विधवेचा. कायद्याच्या कलम ४५ नुसार आयुर्विम्याची पॉलिसी सलग तीन वर्षे चालल्यावर कंपनीला तिच्यावर शंका घेता येत नाही. पण मृत्यू तीन वर्षे थांबत नाही. आरोग्य विम्यात आधीपासूनच्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षांची प्रतीक्षा आणि पाच वर्षांनी लपवाछपवीच्या आरोपापासून संरक्षण आहे. फसवणूक सिद्ध झाली तर मात्र तेही नाही. म्हणून फॉर्म स्वतः भरावा, त्याची प्रत ठेवावी.

पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती नापसंत म्हणून परत करता येते. तो महिना वाचण्यासाठीच आहे. आणि दावा अडला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी, महिन्यात समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जावे. ही व्यवस्था १९९८ पासून आहे. मुंबईचे कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर आहे, म्हणजे अंधेरी-बोरिवलीकरांना लोकलने गाठता येईल इतके जवळ. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या भरपाईचा निवाडा तिथे होतो. कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत मात्र जायला हवे.

चाचांनी गाळा दोन वर्षांत पुन्हा उभा केला, बहिणीचे दागिने गहाण ठेवून. त्यानंतर दरवर्षी नूतनीकरणाच्या वेळी ते पॉलिसी घेऊन माझ्याकडे येत. चहा होई, मग ते चष्मा काढून ठेवत आणि म्हणत, "आधी ते वाच, काय मिळणार नाही ते."